भयानक आणि शृंगार : वृकमानवाच्या प्रेमकथांचे वाचन

१. प्रास्ताविक

इंग्रजीतील लोकप्रिय कथात्म साहित्यात वृकमानवाची प्रेमकथा हा गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत एक स्वतंत्र उपप्रकार म्हणून स्थिर झाला आहे. माणसातून लांडग्यात आणि लांडग्यातून पुन्हा माणसात रूपांतर पावणारे पात्र, त्याच्या प्रेमात पडणारी व्यक्ती, लांडग्यांचा कळप व त्यातील श्रेणिव्यवस्था आणि अखेरीस घडून येणारे मीलन हे या उपप्रकाराचे स्थूल घटक होत. त्याचे वाचक आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही आढळतात. साहित्याच्या अध्यापकाने या वाचनाकडे एक तर दुर्लक्ष करावे किंवा त्याची हेटाळणी करावी, असाच प्रघात दिसतो. या दोन्हींहून अधिक उपयुक्त असा तिसरा मार्ग आहे. ज्याला अशा कथा आवडतात त्याने पुढे कोणते लेखक वाचावेत, आणि ते का वाचावेत, हे साधार सांगणे हा तो मार्ग होय. प्रस्तुत लेखात हाच प्रयत्न केला आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. 'वेअरवुल्फ' हा शब्द जुन्या इंग्रजीतील दोन पदांपासून सिद्ध झालेला आहे. त्यातील पूर्वपद 'वेर' म्हणजे पुरुष आणि उत्तरपद 'वुल्फ' म्हणजे लांडगा. भाषाकुलाच्या दृष्टीने पहिले पद संस्कृत 'वीर' या शब्दाचे, तर दुसरे 'वृक' या शब्दाचे सगोत्र आहे. त्यामुळे 'वृकमानव' हा पर्याय केवळ सोयीचा नसून मूळ शब्दाच्या घडणीशी जुळणाराही आहे. 'लांडगा' या शब्दाभोवती मराठीत लबाडी, हावरेपणा आणि मेंढरांवरील घाला यांचे अर्थवलय आहे. 'वृक' हा शब्द त्यामानाने तटस्थ आहे. म्हणून या लेखात 'वृकमानव' हीच संज्ञा योजिली आहे.

२. रसविरोधाची समस्या

या कथाप्रकाराची मूलभूत अडचण भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला तत्काळ ओळखू येईल अशी आहे. शृंगार आणि भयानक हे परस्परविरोधी रस आहेत. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त शृंगाराचे विरोधी रस सांगताना करुण, बीभत्स, रौद्र आणि वीर यांच्याबरोबर भयानकाचाही निर्देश केला आहे. ज्याचे भय वाटते त्याच्याविषयी त्याच क्षणी रती उत्पन्न होणे कठीण असते. वृकमानवाच्या प्रेमकथेत तर नेमके हेच साधावयाचे असते. येथे प्रियकर हाच भयाचा आलंबनविभाव असतो.

आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोधाच्या परिहाराची चर्चा केली आहे. तिच्यातून तीन मार्ग निष्पन्न होतात. विरोधी रसांचे आश्रय भिन्न ठेवणे हा पहिला मार्ग. दोहोंच्या मध्ये तिसऱ्या रसाचे व्यवधान घालणे हा दुसरा. हर्षाच्या 'नागानंद' नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुताची योजना आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. एका रसाला दुसऱ्याचे अंग करून त्याचे प्राधान्य काढून घेणे हा तिसरा मार्ग. ही चौकट परकीय आणि लोकप्रिय साहित्याला यांत्रिकपणे लावणे इष्ट नव्हे. तथापि, लेखकालेखकांतील फरक दाखविण्यास ती उपयोगी पडते, आणि तेवढ्याच मर्यादित अर्थाने ती येथे स्वीकारली आहे.

या चौकटीला एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. या कथांतील भय हा नुसता स्थायिभाव नसतो. नायिकेला (क्वचित नायकाला) 'नको' म्हणण्याचे कारण भयातूनच मिळते. त्यामुळे लेखक भयाचे काय करतो या प्रश्नात, तो नकाराच्या अधिकाराचे काय करतो, हा प्रश्नही गुंतलेला असतो. भय सहजासहजी पुसून टाकणारी कथा बहुधा नायिकेच्या संमतीचा प्रश्नही पुसून टाकते. पुढील लेखकांची निवड आणि त्यांचे मूल्यमापन या निकषावर केले आहे.

३. मध्ययुगीन पूर्वपीठिका

प्राचीन रोमन साहित्यात वृकमानव आढळतो. ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसिस' या काव्याच्या पहिल्या सर्गात आर्केडियाचा राजा लायकेऑन देवाला नरमांस वाढतो आणि शासन म्हणून लांडगा होतो. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्ये निसेरोस हा मनुष्य आपल्या प्रेयसीच्या घरी निघाला असता, चांदण्या रात्री थडग्यांजवळ त्याच्या सोबतचा शिपाई कपडे उतरवून लांडगा होतो. येथे प्रेमकथा आणि वृककथा एकाच वाटेवर चालतात, परंतु एकमेकींत मिसळत नाहीत.

त्या मिसळल्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मारी द फ्रान्स या कवयित्रीने अँग्लो-नॉर्मन फ्रेंच भाषेत रचलेल्या बारा कथाकाव्यांपैकी 'बिस्क्लाव्रे' हे वृकमानवाचे काव्य आहे. ब्रिटनी प्रांतातील एक सरदार दर आठवड्याला तीन दिवस नाहीसा होतो. पत्नी आग्रहाने कारण विचारते. आपण त्या काळात लांडगा होतो आणि उतरवलेले कपडे एका जुन्या देवळाजवळच्या पोकळ दगडात लपवितो, असे तो अखेर सांगतो. पत्नी भयभीत होते. तिला त्याच्याशेजारी निजण्याची इच्छा उरत नाही. आपल्यावर अनुरक्त असलेल्या एका सरदाराकरवी ती ते कपडे पळविते आणि पती लांडगाच राहतो. पुढे शिकारीस आलेल्या राजाच्या पायाचे तो चुंबन घेतो. राजा त्याला दरबारी आणतो. तेथे तो सर्वांशी सौजन्याने वागतो. मात्र कपडे पळविणाऱ्या सरदारावर झडप घालतो आणि पुढे पत्नीचे नाक तोडतो. चौकशीत सत्य उघडकीस येते, कपडे परत मिळतात, आणि एकांत लाभल्यावरच तो पुन्हा मनुष्य होतो.

या काव्यातील रसव्यवस्था सूक्ष्म आहे. वृकमानव हा हिंस्र आणि माणसे खाणारा प्राणी असतो, असे कवयित्री आरंभी सांगते आणि लगेच तो विषय बाजूला सारते. नायकाचे लांडगेपण वाचकाला भयावह वाटत नाही. भय फक्त पत्नीला वाटते. हा आश्रयभेदाचा नमुना होय. कपडे हे येथे मनुष्यत्वाचे चिन्ह असून ते पत्नीच्या विश्वासावर अवलंबून असते. तथापि, काव्यात पत्नीचे भय हाच तिचा अपराध ठरतो, आणि ही गोष्ट आधुनिक वाचकाला अस्वस्थ करते. नवऱ्याने दडवून ठेवलेली गोष्ट कळल्यावर घाबरलेल्या स्त्रीची बाजू काव्य ऐकून घेत नाही. नंतरच्या अनेक लेखिका या अनुत्तरित बाजूला उत्तर देत आहेत, असे त्यांच्या कृती वाचताना वाटत राहते. म्हणून या प्रकाराच्या अभ्यासाचा आरंभ येथूनच करणे योग्य ठरते.

सुमारे १२०० च्या 'गियोम द पालेर्म' या फ्रेंच प्रेमाख्यानाचाही उल्लेख केला पाहिजे. त्यात सावत्र आईच्या जादूने लांडगा झालेला स्पेनचा राजपुत्र आल्फोन्स हा प्रियकर नसून प्रेमिकांचा रक्षक आहे. अस्वलांची कातडी पांघरून पळालेल्या गियोम आणि मेलिओर यांना तो वाट दाखवितो आणि अन्न पुरवितो. चौदाव्या शतकाच्या मध्यास या आख्यानाचे इंग्रजी रूपांतर झाले. आजच्या कथांतील रक्षणकर्त्या लांडग्याचा तो दूरचा पूर्वज म्हणता येईल.

४. भयाचे प्राबल्य : तीन अपवादभूत कृती

सोळाव्या शतकात वृकमानव युरोपातील न्यायालयांत आरोपी म्हणून उभा राहिला. कोलोनजवळ पीटर श्टुम्प याला १५८९ मध्ये झालेला देहान्त हा त्यातील सर्वांत कुप्रसिद्ध प्रसंग. एकोणिसाव्या शतकात सॅबाइन बेअरिंग-गूल्ड यांच्या १८६५ च्या ग्रंथाने ही सर्व सामग्री इंग्रजी वाचकांपुढे एकत्र आणली. या काळातील वृककथांत स्वाभाविकच भयाचे प्राबल्य आहे. तथापि, तीन कृतींत भय आणि प्रेम यांची गाठ विशेष गांभीर्याने मारलेली आढळते.

पहिली कृती क्लेमन्स हाउसमन यांची 'द वेअर-वुल्फ' ही दीर्घकथा असून ती १८९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. येथे वृकमानव स्त्री आहे. शुभ्र वस्त्रातील देखणी व्हाइट फेल एका शेतकरी कुटुंबात येते. स्वेन तिच्या प्रेमात पडतो. त्याचा भाऊ ख्रिश्चन तिचे खरे रूप ओळखतो आणि भावाला वाचविण्यासाठी स्वतःचा प्राण देतो. शृंगार एका भावाकडे आणि भय दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. दोघांमध्ये खरे पाहणारा कोण, हा कथेचा ताण आहे. मोहिनी स्त्रीचा संकेत येथे शाबूत आहे, हे मान्य करावे लागते. परंतु व्हाइट फेलचे बळ, वेग आणि निर्भयता यांच्या वर्णनात लेखिकेचे अप्रकट कौतुकही जाणवते. हाउसमन पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत सक्रिय होत्या, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरी कृती फिनिश लेखिका आइनो काल्लास (१८७८–१९५६) यांची 'सुदेनमोर्सिआन', म्हणजे 'लांडग्याची वधू' ही होय. ती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकातील एस्टोनियाच्या हिउमा बेटावर वनरक्षक प्रीडिक आणि त्याची पत्नी आलो सुखाने नांदत असतात. आलोला अरण्याची हाक येते आणि ती रात्री लांडग्यांबरोबर धावू लागते. दिवसा ती चांगली गृहिणी आणि माता असते. तिला मिळालेला आनंद खरा आहे आणि तिचे पतिप्रेमही खरे आहे. लेखिका यांपैकी कशालाही खोटे ठरवीत नाही. गाव तिला जिवंत जाळते. अखेर प्रीडिक आपली लग्नाची अंगठी वितळवून केलेल्या गोळीने तिच्या वृकरूपाचा अंत करतो. जुन्या इतिवृत्तांची आठवण देणारी या कथेची भाषा मुद्दाम पुरातन घाटाची आहे. येथे रसविरोधाचा परिहार होत नाही. एकाच स्त्रीच्या ठिकाणी दोन्ही रस राहतात आणि समाज त्यांना एकत्र राहू देत नाही. आजच्या प्रेमकथांतून या कथेकडे येणाऱ्या वाचकाला शोकात्म वृकप्रेमाचा सर्वांत समृद्ध अनुभव येथे मिळेल.

तिसरी कृती गाय एन्डोअर यांची १९३३ मधील 'द वेअरवुल्फ ऑफ पॅरिस' ही कादंबरी. फ्रँको-प्रशियन युद्ध आणि १८७१ चे पॅरिस कम्यून ही तिची पार्श्वभूमी आहे. बर्त्रां कायेवर प्रेम करणारी सोफी त्याला स्वतःचे रक्त देते. त्यामुळे तो इतरांचे बळी घेण्यापासून काही काळ दूर राहतो. हे प्रेम कोमल आहे आणि विकृतही आहे. कम्यून चिरडताना झालेल्या हजारोंच्या कत्तलीपुढे एका वृकमानवाचे बळी किती, असा प्रश्न कादंबरी उभा करते. भय व्यक्तीकडून समाजाकडे वळविण्याचे हे सामर्थ्य या प्रकारात क्वचितच दिसते.

येथे एक ऐतिहासिक खुलासा आवश्यक आहे. चाव्याने होणारा संसर्ग आणि चांदीने येणारा मृत्यू ही आज स्वयंसिद्ध वाटणारी लक्षणे १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' या चित्रपटाने रूढ केली. त्याची पटकथा नाझी जर्मनी सोडून आलेल्या कर्ट सिओडमाक यांची होती. पौर्णिमेच्या चंद्राचा अनिवार्य संबंध १९४३ च्या उत्तरचित्रपटाने ठसविला. म्हणजे वाचक ज्याला प्राचीन लोकसमजूत मानतो त्यातील बराच भाग विसाव्या शतकातील चित्रपटांनी घडविलेला किंवा पक्का केलेला आहे.

५. अँजेला कार्टर : भयाचा अस्वीकार

आधुनिक वळणाचे श्रेय निःसंशय अँजेला कार्टर (१९४०–१९९२) यांच्याकडे जाते. शार्ल पेरो यांच्या १६९७ मधील लाल टोपीवाल्या मुलीच्या कथेत मुलगी लांडग्याच्या शेजारी निजते आणि खाल्ली जाते. गोड बोलणारे लांडगे सर्वांत धोकादायक, हे त्या कथेचे तात्पर्य. कार्टर यांनी १९७७ मध्ये पेरोच्या कथांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९७९ च्या 'द ब्लडी चेंबर' या संग्रहाच्या शेवटी तीन वृककथा लिहिल्या.

त्यांपैकी 'द वेअरवुल्फ' या कथेत आजीच वृकमानव निघते. गाव तिला दगडांनी ठार करते आणि नात तिच्या घरात सुखाने राहू लागते. ही कथा शृंगाराची नाही. भयाच्या नावाखाली म्हाताऱ्या स्त्रीचा बळी देणाऱ्या समाजाची ती कथा आहे. 'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' मध्ये मात्र मुलगी धमकीला हसते, स्वतःहून कपडे अग्नीत टाकते आणि अखेरीस लांडग्याच्या पंजांमध्ये निर्धास्त झोपी जाते. तिसऱ्या कथेत लांडग्यांनी वाढविलेली मुलगी आणि प्रेतभक्षक सरदार यांच्यामध्ये करुणेचे नाते जुळते.

'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' मधील हसणे हा या प्रकाराच्या इतिहासातील निर्णायक क्षण होय. येथे लेखिकेने भय लांडग्याकडून काढून घेतलेले नाही. लांडगा लांडगाच आहे, आजी त्याच्या पोटात गेलेलीच आहे. बदलली आहे ती मुलगी. ती भयाचा स्वीकार करण्याचे नाकारते. भयानकाला हास्याच्या योगाने बाधित करून शृंगाराला वाव देण्याची ही पद्धत प्राचीन मीमांसेशी विसंगत नाही. मुलीने लांडग्याशी समेट करणे म्हणजे आक्रमकाला शरण जाणे आहे, असा आक्षेप काही स्त्रीवादी समीक्षकांनी कार्टर यांच्या परीकथांवर घेतला. वर्गात या कथेची चर्चा करताना तो आक्षेप जरूर मांडावा, कारण त्यानंतरचे सर्व लेखन याच वादाच्या छायेत वाचावे लागते.

६. समकालीन प्रेमकथा : नियती आणि निवड

एकविसाव्या शतकातील प्रेमकथांमध्ये दोन कल्पनाबंध प्रबळ आहेत. पहिला 'नियत सहचरा'चा. लांडग्याच्या अंतःप्रेरणेने जोडीदार ओळखला की तो बंध अतूट ठरतो. दुसरा 'अल्फा'चा. कळपावर सत्ता गाजविणारा बलाढ्य नर हाच बहुधा नायक असतो.

या दुसऱ्या कल्पनेचा शास्त्रीय आधार आज उरलेला नाही, हे अध्यापकाने जाणून घेणे उपयुक्त आहे. बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये श्रेणिसंघर्षाचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे 'अल्फा' ही संज्ञा सर्वत्र पसरली. मेक यांनीच १९९९ मध्ये दाखवून दिले की, मुक्त अरण्यातील कळप म्हणजे सामान्यतः आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते. अपरिचित लांडग्यांना कोंडून ठेवल्यावर दिसणारा झगडा हा त्यांचा स्वाभाविक जीवनक्रम नव्हे. तेव्हा अल्फा नायकाची सत्ता 'निसर्गदत्त' म्हणून मांडणारी कथा वस्तुतः मानवी सत्तासंबंधांचे चित्र रंगवीत असते.

नियतीच्या कल्पनेचे सर्वाधिक प्रसार पावलेले रूप स्टेफनी मायर यांच्या २००५ ते २००८ या काळातील 'ट्वायलाइट' मालिकेत आहे. तिच्यातील 'मुद्रांकन' अनिवार असते. सॅमच्या अनावर क्षणी एमिलीचा चेहरा कायमचा विद्रूप झालेला आहे, तरी त्या दोघांचा संसार आदर्श म्हणून दाखविला जातो. शेवटच्या भागात जेकबचे मुद्रांकन नवजात बालिकेवर होते. भयानकाला पूर्णपणे अंगभूत करण्याचा हा तिसरा मार्ग होय. आणि त्याची किंमत कोण देते ते एमिलीच्या चेहऱ्यावर दिसते. या मालिकेने वृकरूप ज्या क्विल्यूट लोकांना दिले तो वॉशिंग्टन राज्यातील ला पुश येथे राहणारा प्रत्यक्ष समाज आहे. त्याच्या परंपरेत लांडग्यांपासून झालेल्या उत्पत्तीची कथा आहे, परंतु कादंबरीतील वृकमानव हे लेखिकेचे कल्पित आहेत. हा भेद विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

या मालिकेने ज्यांना या प्रकाराची गोडी लावली त्यांना पुढे चार लेखिका सुचविता येतील.

कॅनडाच्या केली आर्मस्ट्राँग यांची 'बिटन' ही कादंबरी २००१ ची, म्हणजे मायर यांच्या आधीची आहे. एलेना ही त्या जगातील एकमेव स्त्री वृकमानव. तिला चावणारा मनुष्य तिचाच वाग्दत्त पती क्ले होता आणि त्याने तिची संमती घेतलेली नव्हती. टोरोंटोत चारचौघींसारखे आयुष्य जगू पाहणारी एलेना पुन्हा कळपाकडे खेचली जाते. तिचे क्लेवरील प्रेम संपलेले नाही आणि त्याचा अपराधही मिटलेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवण्यात कादंबरीचे यश आहे. ज्या प्रश्नावर 'बिस्क्लाव्रे' मौन पाळते तो येथे निवेदकाच्या, म्हणजे स्त्रीच्या, मुखातून मांडला जातो.

पट्रिशिया ब्रिग्ज यांची 'क्राय वुल्फ' ही २००८ ची कादंबरी अल्फा-कल्पनेची आतून उलटतपासणी करते. अ‍ॅनाला तिच्या इच्छेविरुद्ध वृकमानव केले गेले आणि शिकागोच्या कळपात तिचा छळ झाला. तिच्या अंगचे सामर्थ्य श्रेणीच्या शिडीबाहेरचे आहे. तिच्या सान्निध्यात हिंस्र लांडगे शांत होतात. चार्ल्स आणि अ‍ॅना यांच्यातील लांडग्यांनी एकमेकांना स्वीकारले आहे, पण त्यांच्यातील माणसांनी अजून नाही. नियतीने ठरविलेले आणि स्वतः निवडलेले यांतील अंतर एकाच देहात ठेवल्यामुळे प्रणयाची प्रत्येक पायरी संमतीने चढावी लागते. ब्रिग्ज यांची २००६ पासूनची मर्सी थॉम्पसन ही मालिकाही वाचनीय आहे. तिची नायिका मोटारदुरुस्ती करणारी आणि कायोटीचे रूप घेणारी असून शेजारच्या कळपप्रमुखाशी ती बरोबरीने वागते.

मॅगी स्टीफवॉटर यांच्या २००९ च्या 'शिव्हर' मध्ये रूपांतर चंद्रामुळे घडत नाही, थंडीमुळे घडते. प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी तापमानाचा आकडा दिलेला आहे. पारा उतरला की सॅम लांडगा होतो, आणि एके वर्षी तो कायमचाच लांडगा राहणार आहे. भयाचा आश्रय प्रियकराकडून हिवाळ्याकडे गेल्यामुळे शृंगाराचा विरोध भयानकाशी न राहता तो करुणाच्या शेजारी जातो. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही कादंबरी आकड्यासारख्या रुक्ष गोष्टीतून विरहाची व्याकुळता निर्माण करते.

फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंग यांची रूपांतरकांची मालिका २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यातील २०११ ची 'किस ऑफ स्नो' येथे विशेष प्रस्तुत आहे. वृककळपाचा प्रमुख हॉक याची नियत सहचरी बालपणीच मरण पावली आहे, आणि म्हणून आपल्याला पुन्हा तसा बंध लाभणार नाही, अशी त्याची धारणा आहे. नियती नाहीशी झाल्यावर प्रेम कशाच्या बळावर उभे राहते, हा प्रश्न लेखिकेने उपप्रकाराच्या चौकटीत राहूनच विचारला आहे. अखेर चौकट शाबूत ठेवली जाते, ही तिची मर्यादा. परंतु प्रश्न विचारला जातो, हे महत्त्वाचे.

७. भारतीय भूमीवरील वृकमानव

इंग्रजी साहित्यात भारतात घडणाऱ्या वृककथेचे जुने उदाहरण म्हणून रड्यार्ड किपलिंग यांच्या १८९० मधील 'द मार्क ऑफ द बीस्ट' या कथेकडे बोट दाखविता येते. हनुमानाच्या मूर्तीची विटंबना करणारा इंग्रज श्वापदासारखा होतो. ही शासनकथा असून तिच्यात भय आहे ते वसाहतकाराला वाटणाऱ्या अनाकलनीय देशाचे.

इंद्र दास यांची 'द डिव्हाउअरर्स' ही २०१५ मध्ये भारतात प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी या दृष्टीला छेद देते. कोलकात्यातील आलोक हा इतिहासाचा प्राध्यापक बाउल गायनाच्या प्रसंगी एका अनोळखी पुरुषाला भेटतो. आपण अर्धे वृकमानव आहोत, असे तो सांगतो आणि जुन्या हस्तलिखितांच्या नकला करण्याचे काम आलोकवर सोपवितो. त्या हस्तलिखितांत मुघलकालीन भारतात युरोपातून आलेले रूपांतरक आहेत. त्यांच्यातील फेन्रिर हा सायरा या स्त्रीवर बलात्कार करतो आणि त्याला प्रेम म्हणतो. त्यानंतर निवेदन सायराच्या हाती जाते. फेन्रिरच्या आत्मसमर्थनातील अलंकृत भाषा आणि सायराची रोखठोक भाषा समोरासमोर ठेवून कादंबरी या उपप्रकारातील सर्वांत जुनी फसवणूक उघडी पाडते. तरीही ती प्रेमाची शक्यता नाकारीत नाही. आलोक आणि तो अनोळखी पुरुष यांच्यातील ओढ भयातून मार्ग काढीत, परंतु बळजबरीवाचून वाढते. ही कादंबरी कोवळ्या वाचकांसाठी नाही. पदव्युत्तर वर्गासाठी मात्र ती अत्यंत मौलिक आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून एक वाचनक्रम सुचविता येतो. केवळ प्रेमकथेच्या आनंदासाठी वाचणाऱ्याने स्टीफवॉटर आणि ब्रिग्ज यांच्यापासून आरंभ करावा, त्यानंतर आर्मस्ट्राँग, मग कार्टर यांच्या तीन कथा, तेथून मागे वळून मारी द फ्रान्स आणि काल्लास, आणि अखेरीस दास. या क्रमात प्रत्येक कृती मागील कृतीने मिटविलेला प्रश्न पुन्हा उघडते. 'बिस्क्लाव्रे' मधील पत्नीला बोलू दिले गेले असते तर ती काय म्हणाली असती, याची निरनिराळी उत्तरे आलो, एलेना, अ‍ॅना आणि सायरा देतात.

मराठी अभ्यासकाला तुलनेसाठी फार दूर जावे लागणार नाही. महाभारताच्या आदिपर्वातील हिडिंबा ही कामरूपिणी आहे. ती पांडवांना मारण्यासाठी येते, भीमाला पाहून अनुरक्त होते आणि मानवी स्त्रीचे सुंदर रूप धारण करते. आपली इच्छा ती स्वतः बोलून दाखविते, कुंती आणि युधिष्ठिर यांची अनुमती मागते. दिवसा भीमासह विहार करावा आणि रात्री त्याला परत आणून सोडावे, ही अट ती मान्य करते. रूपांतर, कालमर्यादा आणि संमती हे तीनही घटक या आख्यानात एकत्र आहेत. ज्याच्यावर ती अनुरक्त होते त्या भीमाचे एक नाव 'वृकोदर', म्हणजे लांडग्यासारखे उदर असलेला, असे आहे. या आख्यानाचा आणि पाश्चात्त्य वृककथांचा परस्परसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु भय आणि प्रेम यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या पात्राला आपल्या परंपरेने इच्छा आणि वाणी या दोन्ही गोष्टी दिल्या होत्या, हे लक्षात ठेवून या परकीय कथा वाचल्यास त्यांचे गुणदोष अधिक स्पष्ट दिसतील.

लोकप्रिय साहित्याच्या वाचकाला उत्तम साहित्याकडे नेण्यासाठी त्याची आवड मोडण्याची गरज नसते. त्याला वृकमानवाची कथा आवडत असेल तर ती त्याने जरूर वाचावी. मात्र प्रत्येक कथेला त्याने एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: या कथेत भ्यालेल्या व्यक्तीला नकार देता येत होता काय? हा प्रश्न विचारू लागलेला वाचक कोणत्याही प्रेमकथेचा अधिक जाणता वाचक होतो, आणि अध्यापनाचे प्रयोजन त्याहून वेगळे नाही.